नडगीतली सही

सही करायला माणूस घाबरतो तो एक तर लग्नाच्या दिवशी नाहीतर जामीन राहताना. पेंटर यातलं काहीच करत नव्हता. त्याची मुलगी शनिवारी परदेशी निघाली होती, आणि जाण्याआधी तिला इथल्या बँकेत एक बचत खातं उघडायचं होतं, बस्स. खातं दोघांच्या नावानं, तिच्या आणि बापाच्या. म्हणजे अर्जावर बापाची एक सही. एवढ्याशा गोष्टीपायी चार दिवस तो बँकेची गल्लीसुद्धा टाळून जात होता.

पेंटर म्हणजे भिंतींना रंग देणारा नव्हे. तसं कुणी चुकून म्हटलंच तर तो त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसे. तो पाट्या रंगवणारा. गावातले दवाखाने, शाळा, वकील, पिठाची गिरणी, झाडून सगळ्यांच्या दारावर त्याचंच अक्षर. पस्तीस वर्षांत त्यानं पट्टी लावून रेघ मारली नव्हती. हात लांब केला की रेघ सरळच जायची, ती वाकडी कशी जाते हे त्याला माहीतच नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी ते कळलं. दातांच्या डॉक्टरांची पाटी चालू होती, शेवटचं अक्षर उरलं होतं, आणि ब्रश आपला आपण उडाला. पेंटरनं आधी ब्रशला दोष दिला, मग चष्म्याला, मग चहाला. ब्रश बदलला, चष्मा बदलला, चहा तर चक्क पंधरा दिवस सोडला. पण उजवा हात ऐकेना. तेव्हापासून त्या हाताचं बिऱ्हाड पँटच्या खिशात हललं. लोकांना वाटलं, पेंटर म्हातारपणी ऐटीत आला.

बरं, पोटाचं काय? तर इथे पेंटरनं जे केलं ते सांगताना मलाच कानकोंडं होतं. ज्या फ्लेक्सवाल्याला त्यानं वीस वर्षं भर चौकात शिव्या घातल्या, 'अक्षरांचा खाटीक' म्हणून हिणवलं, त्याच्याच दुकानात तो आता मागच्या दारानं जाई. यंत्रावर कापलेली चिकट अक्षरं कागदात गुंडाळून आणी आणि डाव्या हातानं फळीवर चिकटवी. वर गिऱ्हाइकाला ऐकवी, "हाताचं काम आहे, सांभाळून वापरा." फ्लेक्सवाला भला माणूस, त्यानं कुठे बभ्रा केला नाही. उलट जुन्या शत्रूला दहा टक्के सूट दिली, आणि ती पेंटरला सगळ्यात जास्त झोंबली.

हे सगळं ठाऊक होतं फक्त सुताराला. सुतार म्हणजे त्याच्या पाट्यांच्या फळ्या तासून देणारा, तीस वर्षांचा दोस्त. मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती घरी यायच्या आत तो जेवण उरकून घेई, आणि शनिवारपर्यंत तिला कळूनही चालणार नव्हतं.

का, ते सांगतो. मुलीला सगळे खारू म्हणत. लहानपणी बापाच्या शिडीवर ती इतकी भराभर चढे, की खारीशिवाय दुसरं नाव सुचणंच अवघड होतं. मोठी होऊन ती लिफ्ट दुरुस्त करू लागली, म्हणजे चढणं-उतरणं काही सुटलं नाही. चार वर्षांपूर्वी तिला परदेशातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. नेमका त्याच आठवड्यात पेंटर शिडीवरून पडला आणि नडगीचं हाड मोडून बसला. खारूनं गुपचूप नकार कळवला. पेंटरला हे कळलं तीन महिन्यांनी, तेही सुताराच्या तोंडून, आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आई नसलेली पोर, तिची एक उडी आपल्या पायानं अडवली, हे त्याच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. पाय बरा झाला, काटा काही निघाला नाही.

आता दुसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. उंच इमारती, चाळीस-चाळीस लिफ्ट, दोन वर्षांचा करार. हाताचं कळलं की खारू पुन्हा नकार कळवणार, याबद्दल पेंटरच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ झाकायला खिसा होताच.

पण बँक आडवी आली.

"कंपनीला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत इथला खातेक्रमांक हवाय," खारूनं रविवारी सकाळी बॅग भरता भरता सांगितलं. "नाहीतर नाव पुढच्या तुकडीत जातं. पाच महिन्यांनी."

"मग उघड की खातं. अडवलंय कुणी?"

"दोघांच्या नावानं उघडायचंय."

"माझं नाव कशाला त्यात? तुझ्या एकटीचं उघड, सुटसुटीत."

"आणि तुम्ही पैसे कसे काढणार? खिडकीतून हात घालून?"

"मला कशाला लागतायत पैसे? कामं ढीगभर पडलीयत."

खारूनं हातातला स्वेटर खाली ठेवला. "बाबा, पाय मोडला होता तेव्हापण ढीगभर कामं होती. आणि मी दुपारी कामावरून फोन केला की 'आत्ताच जेवलो' म्हणायचात. तुम्ही तीन आठवडे दुपारी बिस्किटं खाऊन काढलीत, ते मला दुकानदारानं सांगितलं. तुमचं नाव नसेल तर मी जाणार नाही. विषय संपला."

पेंटरनं दोन-तीन वेळा तो विषय पुन्हा उकरून पाहिला. नंतर उघड, टपालानं उघड, सुताराचं नाव घाल. पण एकदा माणूस तिकडे गेला की इथलं खातं उघडायला वकिलातीचे शिक्के लागतात, कागद महिनोन्महिने फिरत राहतात, हे खारूनं सगळं वाचून ठेवलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणारी माणसं कुठलंही काम सुरू करण्याआधी सगळे नियम वाचतात. तिच्यापुढे पेंटरची डाळ शिजली नाही.

बुधवारी दोघं बँकेत गेली. टेबलापलीकडे एक तरुण मॅडम बसल्या होत्या, या शाखेत महिन्याभरापूर्वीच आलेल्या. गोड बोलत, पण कागदाला कागद लावून बघितल्याशिवाय पुढे सरकत नसत.

"काका, तुमचं इथे जुनं खातं आहे," त्या संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "बावीस वर्षांपूर्वीचं. सही त्या नमुन्याशी जुळली पाहिजे हं."

त्यांनी पडदा वळवला. पेंटरनं बघितलं आणि तो खुर्चीत पुढे सरकला. काय सही होती! पहिलं अक्षर छाती काढून उभं, मधली दोन एकमेकांत गुंतलेली, आणि शेवटी एक शेपूट वळत वळत पार नावाच्या खालून मागे आलेलं. एका दमात मारलेली. असा एक माणूस होऊन गेला आणि तो आपणच होतो, हे बघून पेंटरला स्वतःचाच हेवा वाटला.

त्यानं टेबलाला दोरीनं बांधलेलं पेन उचललं. खारू मान खाली घालून आपल्या बाजूचे रकाने भरत होती. कागदावर जे उमटलं ते बघून पेंटरनंच आधी ओरडा केला.

"हे काय पेन आहे? याची निब बसलीय! टेबल पण हलतंय तुमचं."

मॅडमनी दुसरं पेन दिलं. मग तिसरं दिलं. टेबलाखाली कागदाची घडीही सरकवली. सही काही जुळली नाही. सुदैवानं खारूला वाटलं, बापाची जुनी खोड उफाळून आलीय. कुठेही चार अक्षरं लिहायची तरी पेंटर अडून बसे, हे तिला लहानपणापासून माहीत.

"बाबा, नखरे नकोत हं. पाटी नाहीये ही, सही आहे."

"अक्षर म्हणजे अक्षर," पेंटर ऐटीत म्हणाला. उजवा हात एव्हाना खिशात परत गेला होता. "या पेनानं मी सही करणार नाही. उद्या माझं पेन घेऊन येतो."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि उद्या अकराची वेळ दिली.

संध्याकाळी तो सुताराकडे गेला आणि भुशावरच बसला. सगळी हकीकत ऐकून सुतारानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाला, "मग सांगून टाक पोरीला."

"सांगून टाक म्हणे! फळी तासतोस तसं डोकं पण तासून घेतलंस का?"

"मग काय करणार? सही तर होत नाही तुझ्याच्यानं."

पेंटरच्या डोक्यात तेव्हाच ते आलं. एकच पाटी पन्नास ठिकाणी लावायची असली की काय करतात? साचा कापतात. पातळ पत्र्यात नाहीतर जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये अक्षर कापायचं, फिल्म फळीवर धरायची, वरून ब्रश फिरवायचा. हात कितीही वेडावाकडा गेला तरी रंग कापलेल्या वाटेबाहेर जात नाही. पाट्या रंगवणाऱ्यांचा हा बाराखडीतला धडा.

"सुतार," पेंटर उठून उभा राहिला, "माझ्या सहीचा साचा कापायचा."

"तुझ्याच सहीचा?"

"मग काय तुझ्या?"

"म्हणजे तू तुझीच सही खोटी करणार?" सुतारानं हातातला रंधा खाली ठेवला. "गुन्हा आहे का रे हा?"

हे दोघांनाही नक्की सांगता येईना, म्हणून त्यांनी काम सुरू केलं. जुनी सही मिळाली एका पावतीवर. फिल्मसाठी मात्र शोधाशोध झाली. शेवटी पेंटरच्या माळ्यावर एकच एक्स-रे सापडला, त्याच्याच मोडक्या नडगीचा. पेंटरला तो बघवेना, पण गरजवंताला अक्कल नसते. सुतारानं बारीक पात्यानं दोन तास खपून सही कापली. साच्यात एक अडचण असते. अक्षराची वाट सलग कापली तर त्याच्या पोटातला भाग गळून पडतो. म्हणून मध्ये मध्ये बारीक जोड न कापता ठेवायचे आणि साचा उचलल्यावर त्या फटी हातानं भरून काढायच्या. सुतारानं अकरा जोड ठेवले.

"या फटी नंतर भरायला विसरू नकोस," तो म्हणाला.

"मला शिकवतोस?" पेंटर म्हणाला. "हे मी तुला शिकवलंय."

गुरुवारी अकराला दोघं पुन्हा टेबलापुढे बसली. पेंटरच्या मांडीवर कागदांची फाइल, फाइलखाली नडगीचा तो साचा. त्यानं मनाशी सगळं नीट आखलं होतं. खारूला कशाला तरी बाहेर पाठवायचं, मॅडमना पाणी मागायचं, आणि तेवढ्यात उरकायचं. पहिली गोष्ट तर आपोआप जमली. खारूच्या ओळखपत्राची प्रत पुसट निघाली होती, ती दुसरी काढायला समोरच्या दुकानात गेली.

"मॅडम, घोटभर पाणी मिळेल का?"

मॅडम उठल्या. पेंटरनं झटक्यात फिल्म अर्जावर ठेवली, डाव्या तळव्यानं दाबली आणि उजवा हात खिशातून काढून पेन फिरवायला घेतलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या हातानं सरळ रेघ मारली! छातीवालं अक्षर उभं राहिलं, गुंतलेली दोन गुंतली, शेपूटही वळून मागे आलं. इतका आनंद झाला त्याला, की तो दोन क्षण नुसता बघतच राहिला. आणि तिथेच घात झाला. फिल्म उचलून फटी भरायला तो वाकला, तर मॅडम पाणी घेऊन पुढ्यात उभ्या. पेला तिथल्या तिथेच होता, त्यांना लांब जावंच लागलं नव्हतं. पेंटर दचकला. फिल्म हातातून सुटली आणि घसरत मॅडमच्या पायाशी गेली.

मॅडमनी आधी अर्ज बघितला. सही हुबेहूब होती, फक्त अकरा ठिकाणी तुटलेली. मग त्यांनी वाकून फिल्म उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. एक मोडलेलं हाड, आणि त्याच्या आरपार कापलेली सही.

"काका, हे काय आहे?"

"पाय," पेंटर म्हणाला.

"ते दिसतंय मला. पायात सही का आहे?"

पेंटरनं दाराकडे बघितलं. मॅडमचा गोडवा कुठल्या कुठे गेला. "हे बघा, तुम्ही खरंच या खात्याचे मालक आहात ना? नाहीतर मला साहेबांना बोलवावं लागेल."

खारू आता कुठल्याही क्षणी येणार होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पेंटरच्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. त्याला सुटायला एकच भोक दिसलं, आणि तो त्यातून पार झाला.

"मॅडम, खरं सांगू का?" त्यानं मान खाली घातली. "मला लिहिता-वाचता येत नाही."

"काय?"

"अक्षरशत्रू आहे मी. सही म्हणजे एक चित्र म्हणून शिकलो होतो तरुणपणी. आता तेही विसरलो. लाज वाटते हो लोकांसमोर, म्हणून हा उद्योग."

पस्तीस वर्षं गावाला अक्षरं पुरवणारा माणूस हे बोलला, आणि बोलताना जीभ जराही अडखळली नाही. मॅडमचा चेहरा भराभर बदलत गेला आणि शेवटी त्यांचे डोळेच ओलावले.

"अहो काका, मग आधीच सांगायचं नाही का? यात लाज कसली!"

त्यांनी खणातून दुसरा अर्ज काढला. सही न करता येणाऱ्यांसाठी वेगळा अर्ज असतो. त्यात कारणाचे दोन रकाने होते. 'निरक्षर' आणि 'शारीरिक अडचण'. दुसऱ्यापुढे बारीक अक्षरात छापलं होतं, 'डॉक्टरांचा दाखला जोडावा'. पेंटरला ते बारीक अक्षर उलट्या बाजूनंही वाचता आलं, आणि आपण योग्य भोकातून निसटलो अशी त्याची खात्री पटली. मॅडमनी पहिल्या रकान्यात खूण केली. मग अख्खा अर्ज त्यांनी बोट ठेवून सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचून दाखवला. अर्ज छापणाऱ्यानं दोन ओळींमधलं अंतर इतकं भिकार सोडलं होतं, की पेंटरची जीभ वळवळत होती. पण त्यानं डोळे मोठे करून 'असं होय' एवढंच म्हटलं. शाईचा डबा पुढे आला. पेंटरनं डावा अंगठा बुडवून अर्जावर ठप्पा मारला आणि मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

"वाचनालयाच्या मागे प्रौढांचा वर्ग चालतो," मॅडम म्हणाल्या. "साठीतले लोकसुद्धा शिकतात. तुम्ही जा बरं का."

"जातो की." त्या वर्गाची पाटी त्यानंच रंगवली होती.

तेवढ्यात खारू प्रत घेऊन आली. मॅडमनी तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. पण हळू बोललेलं नेमकं ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच ऐकू जातं.

"ताई, बाबांना लिहिता-वाचता येत नाही, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. किती अवघडले होते बिचारे."

खारूनं मॅडमकडे बघितलं. मग अर्जावरच्या अंगठ्याकडे, मग टेबलावरच्या फिल्मकडे. ती फिल्म तिनं उचलली, उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. लिफ्ट बंद पडली की ती अशीच उभी राहून बघते म्हणे, आणि मग एकदम एकाच तारेवर बोट ठेवते.

"बाबा, हात बघू."

पेंटरनं शाईनं माखलेला डावा हात पुढे केला.

"हा नाही. दुसरा."

"त्याला काय झालंय?"

"बाबा."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पेंटरनं उजवा हात खिशातून काढला. खारूनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. पकडलेल्या पाखरासारखा तो आत फडफडत राहिला. मग पेंटरच भडाभडा बोलत सुटला.

"आठ महिने झाले. फार काही नाही, आपला थोडासा हलतो. कामाचं म्हणशील तर त्या फ्लेक्सवाल्याकडून कापून आणतो मी अक्षरं, घे, हेही ऐक आता. तू विमानात बसलीस की कळवणार होतो तुला. अगदी पत्र लिहून… म्हणजे फोन करून. खारू, मागच्या वेळी माझ्या पायापायी तू थांबलीस. ते मला अजून झोपू देत नाही. या हातापायी तू थांबलीस तर मी जगून काय करू, सांग. तू आत्ता काही ठरवू नकोस. नाही, ठरव. जायचं ठरव."

मॅडम पाण्याचा पेला हातात धरून उभ्या होत्या. त्यातलं अर्धं पाणी नकळत त्यांनीच पिऊन टाकलं होतं.

खारूनं खुर्ची ओढली आणि बापाच्या अगदी समोर बसली. हात तिनं सोडला नाही.

"मी तुमच्या पायामुळे थांबले नव्हते, बाबा."

"उगीच समजूत घालू नकोस."

"नाही घालत. मला भीती वाटली होती." तिचा आवाज बारीक झाला. "पत्र आलं त्या दिवसापासून मला झोप नव्हती. ती भाषा, ते लोक, एकटीनं राहायचं. जायचं नाही हे मी मनात कधीच ठरवलं होतं, फक्त सांगणार कुणाला? खारू घाबरली असं कोण म्हणणार? मग तुम्ही पडलात. दवाखान्यात डॉक्टरांनी तुमचा एक्स-रे उजेडात धरला, आणि मला, देवाशप्पथ सांगते, आधी हायसं वाटलं. रडू त्याच्यानंतर आलं."

पेंटरनं डाव्या हातानं फिल्म जवळ ओढली.

"सगळे म्हणाले, बापासाठी थांबली, केवढी गुणी पोर. मी म्हणू दिलं. तुम्हाला इतकं लागलंय हे दिसत होतं मला. तरी नाही बोलले. चार वर्षं."

"चार वर्षं!" पेंटरचा आवाज एवढा चढला, की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "अगं, चार वर्षं मी या पायाला शिव्या घालतोय! रात्री उठून घालतोय! पायानं काहीच केलं नव्हतं तर!"

त्याला भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी चार वर्षांचा काटा निघाला तसं इतकं हलकं वाटत होतं, की रागावणं काही त्याला नीट जमेना. खारू रडता रडता हसायला लागली. मग त्यालाही हसू आवरेना.

"आत्ताही वाटतेय भीती," खारू नाक पुसत म्हणाली. "खोटं कशाला सांगू? आत्ता तुमचा हात बघितला ना, तर पहिलं मनात काय आलं माहितीये? की चला, सुटले. थांबायला कारण मिळालं." तिनं मान हलवली. "तुमच्या हातापायांमागे किती वेळा लपू मी?"

पेंटरनं शाईचा डावा हात तिच्या हातावर ठेवला.

"म्हणजे," मॅडमनी पेला टेबलावर ठेवला, "काकांना लिहिता-वाचता येतं?"

"मॅडम, तुमच्या दारावरची पाटी त्यांनीच रंगवलीय."

मॅडम एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग आठवण होऊन म्हणाल्या, "आणि मी यांना एकेक शब्द वाचून दाखवला!"

"छान वाचता तुम्ही," पेंटर मनापासून म्हणाला.

मॅडमना हसावं की साहेबांना बोलवावं ते ठरवता येईना. शेवटी त्यांनी अर्ज पुढ्यात ओढला आणि आपल्या कामात शिरल्या, कागदावर प्रेम करणाऱ्या माणसांना तेच बरं पडतं. "खोटं कारण लिहून खातं उघडता येणार नाही. अंगठा चालेल, पण दुसऱ्या रकान्यात खूण करावी लागेल. त्याला डॉक्टरांचा दाखला हवा. उद्या दहाच्या आत आणलात तर बारापर्यंत क्रमांक देते. खाडाखोड केली की शेजारी पुन्हा अंगठा लागेल. आणि ताई, खाली तुमची सही. आता उघडायचंय की नाही, ते तुम्ही ठरवा."

दोघींनी पेंटरकडे बघितलं नाही, पण पेंटर खारूकडे टक लावून बघत होता. तिनं दोरीचं पेन उचललं. 'निरक्षर'वरची खूण तिनं आडवी रेघ मारून खोडली आणि खालच्या रकान्यात नवी केली. मग अर्जाच्या तळाशी जाऊन स्वतःची सही केली. ती करताना तिचा हात चांगलाच थरथरत होता, आणि पेंटरनं ते बघितलं.

"आता इथनं सरळ डॉक्टरकडे," ती म्हणाली. "आणि शनिवारी विमानतळावर तुम्ही रडायचं नाही."

"मी कशाला रडतोय?"

"मी रडेन. तेव्हा मला परत फिरू द्यायचं नाही. कितीही रडले तरी. ढकला मला आत."

"ढकलतो," पेंटर म्हणाला. "दोन्ही हातांनी ढकलतो."

त्यानं डावा अंगठा पुन्हा शाईत बुडवला. पहिला ठसा उठवताना त्याला नुसती गंमत वाटली होती, आता मात्र त्यानं आधी जागा बघून घेतली. खोडलेल्या खुणेशेजारी त्यानं अंगठा नीट टेकवला. उजवा हात टेबलावर सगळ्यांच्या देखत हलत होता, आणि तो पुन्हा खिशात घालायचं त्याच्या मनातही आलं नाही.